आय-सेव्हनचा अंगारा

माझ्यावर आरोप असा आहे की मी पोरांच्या उत्साहावर पाणी ओततो. आरोप करणारे गृहस्थ आमच्याच तुळजापूरचे, कॉम्प्युटर दुरुस्तीत वीस वर्षं मुरलेले, आणि आरोप झाला तो चहाच्या टपरीवर, चार लोकांच्या समोर. निमित्त माझ्या भाच्याचं. त्याच्या लॅपटॉपवर गेम अडकतो. "मामा, आय-फाइव्ह काढून आय-सेव्हन टाकला की पळंल म्हणायलेत. साडेआठ हजार सांगितलेत." मी म्हटलं, एक रुपया देऊ नको. ते वाक्य फिरत फिरत त्यांच्या दुकानात पोचलं आणि दुसऱ्या दिवशी माझी हजेरी घेतली गेली.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणाले, तुम्ही कंपन्यांची वकिली करताय. जुनं फेका आणि नवं घ्या हे पुण्या-मुंबईचं शास्त्र झालं. इथं येणारं पोरगं सेकंडहँड मशीन घेऊन येतं, बापाचा महाद्वारापाशी कुंकवाचा गाळा असतो, त्यानं लाखाचा गेमिंग लॅपटॉप कुठून आणायचा? प्रोसेसर हा मशीनचा मेंदू. मेंदू बदलला की मशीन बदललं. आणि मग टाळीचं वाक्य आलं: "अहो, आमच्या गावात आईसाहेब वर्षातून तीनदा सिंहासनावरून उठतात, मग चिप उठायला काय झालं?" टपरी हसली. मीही हसलो. उत्तर तिथं सुचलं नाही, म्हणून इथं देतोय.

देवीपासूनच सुरुवात करू. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, हे खरं. नवरात्राआधी भाद्रपदात घोर निद्रा, सीमोल्लंघनानंतर श्रम निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. तीनही वेळा मूर्ती सिंहासनावरून पलंगावर जाते आणि परत येते. पण ती हलते कारण ती हलावी अशीच तिथं विराजमान आहे. उचलणारे हात ठरलेले, वेळ ठरलेली, रीत ठरलेली. लॅपटॉपमधला प्रोसेसरही एके काळी असाच चल होता. ते दिवस मी पाहिलेत. नुसते पाहिले नाहीत, त्यात हात भाजून घेतलाय.

२०१४ चा उन्हाळा. माझ्याकडं तीन वर्षं जुना लॅपटॉप होता, आत आय-थ्री २३३० एम. पुण्याच्या तापकीर गल्लीतून कुणाच्या तरी मोडलेल्या मशीनमधून काढलेला आय-सेव्हन २६७० क्यूएम आणला. कागदावर सगळं जुळत होतं. दोन्ही सेकंड जनरेशनचे, दोन्हींना तेच ९८८ पिनांचं सॉकेट. खालचं झाकण उघडलं, पंखा बाजूला केला, तांब्याची नळी असलेला हीटसिंक उचलला. खाली वाळलेली पेस्ट, पानवाल्याच्या डबीच्या काठावर चुना धरतो तशी. ती खरवडून पुसली. सॉकेटच्या कडेला एक स्क्रू असतो, तो चपट्या पेचकसानं जरासा फिरवला की पकड सुटते आणि चिप अलगद वर येते, पिकलेलं बोर देठापासून सुटावं तशी. नवीन चिप ठेवताना कोपऱ्यातला छोटा त्रिकोण जुळवायचा, बोटानं दाबायचं नाही, आपल्या वजनानं बसू द्यायची. बसली. मशीन चालू झालं. स्क्रीनवर 'कोअर आय-सेव्हन' ही अक्षरं दिसली तेव्हा जे वाटलं ते अजून आठवतं.

मग गेम लावला. 'नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड'. आधी सेकंदाला वीस-बावीस फ्रेम मिळायच्या. आता? वीस-बावीसच. दहा मिनिटांनी त्याही कमी. पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला, तळवा मशीनवर ठेवता येईना. मोठी फाइल झिप करून पाहिली तर ती मात्र जवळपास निम्म्या वेळात झाली. म्हणजे चिप खोटी नव्हती, काम करत होती. गेमला तिचा उपयोग नव्हता, एवढंच.

कारण समजायला मला दोन रात्री लागल्या. आय-थ्रीच्या पोटात चित्र काढणारा जो भाग होता त्याचं नाव एचडी ३०००. आय-सेव्हनच्या पोटात? एचडी ३०००. तीच बारा युनिटं. हिशेब करणारे हात दोनाचे चार झाले, चित्र रंगवणारा हात तोच राहिला. त्यात जुना प्रोसेसर ३५ वॉटचा, नवा ४५ चा, आणि हीटसिंक होता ३५ च्या हिशेबानं बनवलेला. चार्जर ६५ वॉटचा, तोही घामाघूम. माझे पाच हजार गेले. कुणी फसवलं नव्हतं. मीच मला आय-सेव्हनचा अंगारा लावून घेतला होता.

आता मुद्दा असा की हा मूर्खपणा करायची तरी तेव्हा सोय होती. इंटेलच्या लॅपटॉपमधली सॉकेटं २०१३ च्या फोर्थ जनरेशनबरोबर संपली. २०१५ मध्ये फिफ्थ जनरेशनची मशीनं बाजारात आली तेव्हापासून लॅपटॉपचा प्रोसेसर कथील वितळवून बोर्डावर बसवलेला असतो. त्याच्याही आधी, ज्या चिपच्या नावापुढं 'यू' लावलेला असायचा ती पातळ मशीनमधली चिप जोडलेलीच यायची. एएमडीनंही त्याच सुमारास हाच रस्ता धरला. टपरीवरच्या गृहस्थांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांच्या हातून असली किती बोर्डं गेली असतील. तरी ते 'उठतं' म्हणतात, कारण त्यांच्याकडं बीजीए मशीन, म्हणजे जोडलेली चिप तापवून उचलायचं यंत्र, आहे आणि त्या मशीनचा हप्ता आहे. हप्त्याची मला सहानुभूती आहे. पण तो भाच्यानं का फेडावा?

अपवाद आहेत, लपवत नाही. डेस्कटॉपची चिप लॅपटॉपच्या पेटीत बसवणारी काही अगडबंब मशीनं निघाली. २०१९ चा एलियनवेअर एरिया ५१-एम त्यातलाच, आत चक्क डेस्कटॉपचं सॉकेट. पुढं प्रोसेसर आणि ग्राफिक्स बदलता येईल, अशी त्याची जाहिरात. २०२१ मध्ये त्याच अपग्रेडच्या आश्वासनावरून अमेरिकेत कंपनीवर खटला दाखल झाला. तक्रार अशी की पुढच्या पिढीचे भाग त्यात बसतच नाहीत. खटल्याच्या खरेखोटेपणात मी जात नाही. पण सॉकेट असूनही पुढच्या पिढीची चिप त्या सॉकेटात बसेलच असं नसतं, हे डेस्कटॉपवाल्यांना जुनंच माहीत आहे. सॉकेट म्हणजे परवाना नव्हे.

'आम्ही उचलून दुसरी बसवतो' याचा अर्थ काय होतो तेही सांगतो, म्हणजे साडेआठ हजार कशाचे ते कळेल. जोडलेल्या चिपच्या पोटाखाली कथलाच्या बारीक बारीक गोळ्या असतात, राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, हजाराच्या वर. शिसं नसलेलं कथील २१७ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे सगळा बोर्ड खालून तापवायचा, वरून गरम हवा द्यायची, आजूबाजूचे मोहरीएवढे भाग उडू द्यायचे नाहीत, बोर्ड वाकू द्यायचा नाही, नेमक्या क्षणी चिप उचलायची, जुनी जागा साफ करायची, नव्या चिपला नव्या गोळ्या लावायच्या, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या हजार ठिकाणी एकाच वेळी जोड धरेल अशी प्रार्थना करायची. हे काम करणारे कारागीर आहेत, सोलापुरात आहेत, पुण्यात आहेत, त्यांच्या हाताला मी नमस्कार करतो. मेलेला बोर्ड जिवंत करायला ही विद्या वापरावी. चांगला चालता बोर्ड या तव्यावर कशाला ठेवायचा?

आणि एवढं करून बसवायचं काय? वेगळ्या जनरेशनची चिप बहुधा बसत नाही, तिच्या गोळ्यांची मांडणी वेगळी, वीज मागायची रीत वेगळी. बायोसमध्ये त्या चिपची ओळख नसेल तर स्क्रीन काळीच राहते. म्हणजे त्याच जनरेशनमधली थोरली बहीण तेवढी घेता येते. भाच्याच्या मशीनमध्ये आय-फाइव्ह ८२५० यू आहे. दुकानात सुचवला होता आय-सेव्हन ८५५० यू. दोघांना चार कोअर, दोघांना आठ थ्रेड, दोघे १५ वॉटचे, दोघांच्या पोटात ग्राफिक्स यूएचडी ६२०. फरक एवढाच की एकाचा वरचा वेग ३.४ गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्याचा ४.०, आणि कॅश ६ ची ८ एमबी. हा वरचा वेगही मशीन थंड असेतो मिळतो. तुळजापुरात मे महिन्यात मशीन थंड कधी असतं ते मला दाखवा.

ही उष्णतेची गोष्ट पुण्या-बंगळुरातले व्हिडिओवाले सांगत नाहीत, कारण ते एसीत बसून मोजतात. चिप साधारण शंभर अंशांना पोचली की स्वतःला वाचवायला वेग पाडते. खोलीत पंचवीस अंश असतील तर हीटसिंकला पंच्याहत्तर अंशांचं अंतर मिळतं. आमच्याकडं पत्र्याच्या खोलीत दुपारी बेचाळीस. सतरा अंश तिथंच गेले, गेम लावायच्या आधी. अशा खोलीत जास्त वेगाची चिप घेणं म्हणजे घाटात इंजिन उकळत असताना ॲक्सिलरेटर दाबणं.

'प्रोसेसर म्हणजे मेंदू' या वाक्याला मी सगळ्यात जास्त भितो. वाक्य चुकीचं आहे म्हणून नाही, अर्धं बरोबर आहे म्हणून. गेममध्ये कोण कुठं उभं आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कुठं वळली हे सगळं प्रोसेसर ठरवतो. मग ते पडद्यावर रंगवायचं काम ग्राफिक्सचं, आणि त्याला रंगांचे डबे पुरवायचं काम मेमरीचं. नवरात्रात दर्शनाला गेला असाल तर हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. दर्शन मंडपात मजल्यावर मजले आहेत, रांगा आहेत, जिने आहेत. मंडपात आणखी दहा रांगा वाढवल्या म्हणून दर्शन लवकर होत नाही. ते होतं गाभाऱ्यासमोर एका मिनिटाला जितकी माणसं पुढं सरकतील तितक्याच वेगानं. भाच्याचा गेम गाभाऱ्यापाशी अडकलाय आणि दुकान त्याला मंडपात नवी रांग विकतंय.

कुठं अडकलंय हे बघायला साडेआठ हजार लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर गाठ ग्राफिक्सशी आहे, प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसरकडं, किंवा त्याच्या तापाकडं बघा. दुसरी गोष्ट निघण्याची शक्यता असते, नाकारत नाही. काउंटर-स्ट्राइक २ सारखा गेम प्रोसेसरला चांगलाच पिळतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर मागं पडू शकतो. पण त्याचा विचार मशीन विकत घेताना करायचा. लग्न झाल्यावर पत्रिका जुळवत बसायचं नाही.

आता जुन्या सॉकेटवाल्या मशीनांचं. अजून मिळतात, स्वस्त मिळतात, आणि त्यात प्रोसेसर बदलता येतो, हे गृहस्थांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते साधारण एट्थ जनरेशनपासून पुढं. सॉकेट संपलं फोर्थला. म्हणजे मधला हिशेब तुम्हीच करा: एरिया ५१-एमसारखी तुरळक धुडं सोडली तर ज्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहज निघतो त्याला आजचं विंडोज अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या गोष्टी मागतो. तेव्हा त्या मशीनवर जुना व्हाइस सिटी खेळा, मजेत खेळा, मीही खेळतो. पण त्यासाठी आय-सेव्हन लागत नाही, तो २००३ चा गेम आहे.

राहिला कंपन्यांच्या वकिलीचा आरोप. तो मला लागला, कारण मूळ राग माझाही तोच आहे. सॉकेट काढल्यानं मशीन पातळ झालं, बनवायला स्वस्त झालं, बॅटरी जास्त चालली, हे खरं. दुकानात उभे राहून आपणच जाड मशीन बाजूला सारून पातळ उचललं, हेही खरं. पण त्या पातळपणाची किंमत कुणी सांगितली नाही. प्रोसेसर चिकटला, मग बऱ्याच मशीनांत रॅम चिकटली, २०२४ च्या इंटेलच्या एका मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पाटावर येऊन बसली. दिल्लीत ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल उघडलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असं सगळं त्यात घेतलं. ट्रॅक्टरवाला आणि लॅपटॉपवाला एका रांगेत आले हे मला फार आवडलं. भांडायचं तर तिथं भांडा, मी पुढं उभा राहतो. पण कंपनीनं दार बंद केलं म्हणून पोराला भिंतीवर डोकं आपटायला लावायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, याला कंपनीविरुद्धची लढाई म्हणू नका. त्यात कंपनीचं काहीच जात नाही. तिचा आय-सेव्हन तिनं एकदा विकलाय. जातं ते कुंकवाच्या गाळ्याचं.

'जुनं फेका, नवं घ्या' असं मी कधी म्हटलं? जुगाड करावा, पण गाठ जिथं आहे तिथं करावा. दुसरी रॅम टाकली की आतल्या ग्राफिक्सला दोन रस्ते मिळतात. यूएचडी ६२० सारख्या ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं, त्यामुळं त्याला हा फरक लगेच जाणवतो. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर फ्रेम वाढणार नाहीत, पण गेम उघडेपर्यंत चहा पिऊन यायची गरज उरत नाही. पेस्ट बदलणं, पंखा साफ करणं, मूळ वॉटचा चार्जर लावणं, बॅटरीवर न खेळणं. एवढ्यानं भागलं नाही तर थांबायचं, पैसे साठवायचे आणि वेगळं ग्राफिक्स असलेलं मशीन घ्यायचं. ते घेताना नुसतं कार्डाचं नाव बघू नका, वॉट विचारा. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतच्या मशीनांवर लावलेलं असतं. स्टिकर तोच आणि ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक, हा अंगाऱ्याचा नवा प्रकार.

बोलून झालं, आता करून काय झालं ते. रविवारी भाच्याचं मशीन आमच्या ओट्यावर उघडलं. तो समोर बसला, पेच एका ताटलीत क्रमानं मांडत. झाकण निघालं आणि दोघंही गप्प झालो. पंख्याची पाती गुलाबी होती. जाळीत केस, लोकरीसारखी धूळ आणि त्यावर कुंकवाचा थर, दमटपणानं घट्ट झालेला, वडीसारखा. पोरगं सुट्टीत बापाच्या गाळ्यावर बसतं, भाविकांची गर्दी कमी झाली की तिथंच खेळतं, आणि पंखा दोन वर्षं कुंकू ओढतोय. ब्रशनं काढलं तर ताटलीत चिमूटभर जमलं. शेजारी रॅमची दुसरी खाच रिकामी.

स्टिक आणली त्याच गृहस्थांच्या दुकानातून. त्यांनी ती तपासून दिली, भावही रास्त लावला, आणि भाच्याला विचारलं, "मग प्रोसेसरचं काम कॅन्सल का?" पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. व्हॅलोरंटमध्ये आधी तीसच्या आसपास घुटमळणारा आकडा त्या रात्री चाळीसच्या वर थांबला, आणि अर्ध्या तासानंतरही थांबला. जग जिंकलं नाही, पण हात पोळेनासा झाला.

"मामा," भाचा म्हणाला, "आता ह्याच्यात ग्राफिक्स कार्ड टाकता येतंय का?"

परवा पौर्णिमेच्या गर्दीत दाजींच्या गाळ्यावरून गेलो. लॅपटॉप तिथंच होता, कुंकवाच्या ढिगाला टेकवून, पंखा घरघरत.